अ‍ॅप बदललं म्हणून हिशेब बदलत नाही



"मॅडम, अ‍ॅप पुन्हा बदललं." गावोगावच्या बैठकांत हल्ली हे वाक्य फार ऐकू येतं. कुणी वैतागून म्हणतं, कुणी हसून. आणि बऱ्याच जणी त्याला हळूच दुसरं वाक्य जोडतात, "मले नाही जमत हे. पोरगा आला की करून घेतो."

अ‍ॅप बदलणं आपल्या हातात नाही. पण दुसऱ्या वाक्यात आपलं नुकसान आहे. वर्षानुवर्षं आपण बचतीचा हिशेब आपल्या हाताने ठेवला. पंचसूत्रीत नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज आणि परतफेड यांच्या बरोबरीने नियमित लेखे ठेवले, ते काही उगाच नाही. हिशेब जिच्या हातात, तिला गटात कोणी फसवू शकत नाही. तोच हिशेब आता मोबाईलमध्ये जातो आहे. दर बदलाला घाबरून आपण मोबाईल दुसऱ्याच्या हातात देत गेलो, तर हिशेबही हळूहळू त्याच्या हातात जाईल.

म्हणून या अंकात अ‍ॅप आणि सॉफ्टवेअर सतत का बदलतात आणि हे बदल आपल्या ग्रामसंघात, प्रभागसंघात नीट कसे सांभाळायचे, ते समजून घेऊ.

हे सारखं सारखं का बदलतं?

पहिलं कारण सुरक्षेचं. घराच्या कुडाला कुठे फट पडली की आपण ती लिंपतो. सॉफ्टवेअरमध्येही फटी सापडतात आणि त्यातून चोर शिरू शकतो. ती फट बुजवायला कंपनी जी दुरुस्ती पाठवते, तिलाच अपडेट म्हणतात.

दुसरं कारण नियमांचं. योजनेचा शासन निर्णय बदलला, नवी माहिती मागितली गेली, की अ‍ॅपमध्ये नवा रकाना येतो. काल आधार नंबर पुरत होता, आज ई-केवायसी लागते.

तिसरं कारण फोनचं. फोनची आतली प्रणाली नवी होत जाते आणि जुन्या फोनवर नवं अ‍ॅप चालेनासं होतं. अशा वेळी बाईला वाटतं आपल्याकडून काहीतरी बिघडलं. तसं नसतं.

चौथं कारण, संस्थाच बदलतात. विदर्भ कोकण ग्रामीण बँक आणि महाराष्ट्र ग्रामीण बँक १ मे २०२५ पासून एक झाल्या. दोन बँका एक झाल्या की त्यांची सॉफ्टवेअरंही एक करावी लागतात. त्यात नाव, पासबुक, आयएफएससी कोड, मोबाईल अ‍ॅप असं बरंच काही बदलू शकतं. बदलत नाही ती आपली जमा रक्कम आणि आपल्यावरचं कर्ज. पासबुकातली शेवटची शिल्लक आपल्याकडे लिहिलेली असेल, तर घाबरायचं काही कारण नाही.

मोठ्या ऑफिसात हे काम कोण करतं?

मोठ्या कंपनीत, दवाखान्यात, बँकेत या कामासाठी एक माणूस नेमलेला असतो. त्याला आयटी अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणतात. ऑफिसातले सगळे संगणक आणि त्यातली सॉफ्टवेअरं चालू ठेवणं, नवे बदल तपासून मग सगळ्यांना देणं आणि काय बदललं ते लोकांना समजावून सांगणं, हे त्याचं काम. आपल्या प्रभागसंघाच्या ऑफिसात संगणक पाहणारी ताई आणि गावात अ‍ॅपवर नोंदी करणारी सीआरपी ताई, दोघी नेमकं हेच काम करतात. पाटी लावलेली नसते आणि पगारही तेवढा नसतो, पण काम तेच. म्हणून त्या लोकांची काम करण्याची पद्धत आपल्यालाही उपयोगी आहे.

तीन गोष्टी बघा.

पहिली. संगणकातलं विंडोज बनवणारी मायक्रोसॉफ्ट कंपनी २००३ पासून सुरक्षेचे अपडेट ठरलेल्या दिवशी देते, महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी. अमेरिकेत मंगळवारची सकाळ असते तेव्हा आपल्याकडे रात्र, म्हणून इथल्या ऑफिसांत ते काम बुधवारी सुरू होतं. दिवस ठरलेला असल्यामुळे जगभरचे अ‍ॅडमिनिस्ट्रेटर तयारीत असतात. आपल्या गटाची बैठकही ठरलेल्या वारालाच असते ना? दिवस ठरला की काम आठवणीत राहतं.

दुसरी. सॉफ्टवेअरलाही शेवटची तारीख असते. विंडोज १० चा नेहमीचा सांभाळ १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. संगणक त्या दिवशी बंद पडला नाही. तो चालतो, पण नव्या फटी बुजवणाऱ्या मोफत दुरुस्त्या नेहमीसारख्या येत नाहीत. आपल्या ऑफिसातला संगणक जुना असेल, तर त्यात कोणतं विंडोज आहे ते पाहून घ्या आणि पुढच्या बजेटच्या बैठकीत विषय मांडा. ज्या संगणकावरून प्रभागसंघाचे बँकेचे व्यवहार होतात, तिथे ही गोष्ट पुढे ढकलू नये.

तिसरी. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक नावाच्या सुरक्षा कंपनीने पाठवलेल्या एका अपडेटमध्ये चूक होती. ते जगभर एकदम गेलं आणि सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले. विमानतळांवर गोंधळ उडाला. आपल्या देशातही प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. एवढ्या मोठ्या विमान कंपन्यांचं त्या दिवशीचं काम शेवटी कागद आणि पेनावर चाललं. यातून दोन धडे घ्यायचे. कोणताही बदल सगळीकडे एकदम करू नये. आणि कागदावरची नोंद मोडीत काढू नये.

वापरणारीला विचारलं का?

बदल वरून येतो, पण तो वापरायचा असतो आपल्याला. म्हणून वापरणारीने बोललं पाहिजे.

१ मार्च २०२१ पासून अंगणवाडीत पोषण ट्रॅकर अ‍ॅप आलं. मिळालेले मोबाईल जुने, कमी क्षमतेचे, आणि अ‍ॅपची भाषा इंग्रजी. २०२१ च्या ऑगस्टमध्ये महाराष्ट्रात ठिकठिकाणी अंगणवाडी सेविकांनी ते मोबाईल प्रशासनाला परत केले. मराठीत अ‍ॅप द्या आणि चालणारा फोन द्या, ही त्यांची साधी मागणी होती. आज ते अ‍ॅप मराठीतही आहे. आपल्या गटांत कितीतरी सेविका, मदतनीस आहेत. त्यांना विचारा, त्या सांगतील.

ही गोष्ट आपल्या वर्ध्याला तर जुनीच आहे. १९२९ साली अखिल भारतीय चरखा संघाने सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं होतं. त्याच्या अटी आजही वाचण्यासारख्या आहेत. यंत्र हलकं असावं, साध्या खेड्यातल्या घरात हातापायाने चालवता यावं. बाईला आठ तास चालवूनही फार थकवा येऊ नये. किंमत १५० रुपयांच्या वर नको. ठरलेली देखभाल करत राहिलं तर वीस वर्षं चालावं आणि वर्षाचा दुरुस्तीचा खर्च किमतीच्या पाच टक्क्यांच्या वर जाऊ नये. म्हणजे यंत्र किती नवं आहे यापेक्षा ते चालवणारीला झेपतं का, हे आधी बघितलं होतं. मगन संग्रहालयात गेलात तर चरख्यांचे वेगवेगळे प्रकार मुद्दाम बघा. चरखाही बदलत गेला, पण बदल कसा असावा ते चालवणाऱ्याच्या बाजूने ठरवायचा प्रयत्न झाला.

नव्या अ‍ॅपला आपणही तेच प्रश्न विचारू शकतो. मराठीत आहे का? साध्या फोनवर चालतं का? कारंजा, आष्टीकडच्या ज्या गावात रेंज येत नाही, तिथे नेटशिवाय नोंद होते का? चूक झाली तर दुरुस्त करता येते का? रिचार्जचा खर्च कोणी द्यायचा? हे प्रश्न लिहून वर पाठवणं ही तक्रार नव्हे, कामाचा भाग आहे.

आपल्याकडे कसं करायचं?

गटाच्या नोंदींसाठी केंद्र सरकारच्या ग्रामीण विकास मंत्रालयाचं लोकोस अ‍ॅप आहे. त्यात गटाची माहिती, सदस्यांची माहिती, बँक खाती आणि बैठकीतले व्यवहार भरले जातात. पुढची पद्धत लोकोसला लागू पडते, तशीच दुसऱ्या कोणत्याही अ‍ॅपला.

१. यादी करा. एका वहीत रकाने आखा. कोणतं काम, कोणतं अ‍ॅप, कोणाच्या फोनवर, ओटीपी कोणत्या नंबरवर येतो, कोण हाताळते, शेवटचं अपडेट कधी केलं. पासवर्ड आणि पिन या यादीत लिहायचे नाहीत. एका ग्रामसंघाची अशी यादी एका पानात मावते. यादी केल्यावर कधीकधी कळतं, की गटाच्या खात्याचा ओटीपी काम सोडून गेलेल्या ताईच्या नंबरवर जातो आहे. ते आजच कळलेलं बरं, कर्जाचा हप्ता भरायच्या दिवशी नको.

२. दिवस ठरवा. महिन्यातला एक दिवस अपडेट बघण्याचा ठेवा. ग्रामसंघाच्या बैठकीच्या तीन-चार दिवस आधीचा चांगला, म्हणजे काय बदललं ते बैठकीत सांगता येतं. महिनाअखेरीला, कर्ज प्रस्तावाच्या घाईत किंवा बँकेत जायच्या सकाळी अपडेटला हात लावू नका. सुरक्षेचं तातडीचं अपडेट आलं, तर त्याला मात्र थांबवून ठेवू नये. हातातल्या नोंदी पाठवून ते करून घ्यावं.

३. आधी नोंदी पाठवा, मग अपडेट करा. रेंज नसताना केलेल्या नोंदी फोनमध्ये साठून राहतात आणि नेट आलं की पुढे जातात. त्याला सिंक म्हणतात. सिंक न करता अ‍ॅप काढून पुन्हा टाकलं, तर साठलेल्या नोंदी पुसल्या जाऊ शकतात. "अ‍ॅप चालत नाही, काढून पुन्हा टाक" असा सल्ला कोणीही सहज देतं. आधी विचारा, सगळं सिंक झालं का? स्क्रीनचा फोटो काढा, मगच पुढे जा.

४. आधी एक गट. अपडेट झालं की पहिल्याच दिवशी सगळ्या गटांच्या नोंदी करू नका. ज्या गटाचं रजिस्टर नीट आहे असा एक गट घ्या, त्याची एक बैठक भरा आणि आकडे जुळवा. जुळले की बाकीचे गट घ्या. ८५ लाख संगणक बंद पडले ते ही पायरी नीट पाळली गेली नाही म्हणून.

५. पाच आकडे जुळवा. दर बैठकीनंतर रजिस्टर आणि अ‍ॅप समोरासमोर ठेवायचं आणि बचत, मुद्दल परतफेड, व्याज, नवं कर्ज आणि शिल्लक हे पाच आकडे मोठ्याने वाचायचे.

उदाहरण घेऊ. समजा गटात ११ जणी आहेत आणि महिन्याची बचत २०० रुपये. बचत झाली २,२०० रुपये. कापसाचे पैसे आले म्हणून एका ताईने एकदम ६,००० रुपये मुद्दल फेडलं. सगळ्यांचं मिळून व्याज आलं ४८० रुपये. एकूण जमा ८,६८०. त्यातून एकीला शिलाई मशीनसाठी ८,००० रुपये कर्ज दिलं. शिल्लक ६८० रुपये.

आता नोंद करताना ६,००० च्या जागी ६०० पडले, तर? अ‍ॅपमध्ये जमा दिसेल ३,२८० आणि वाटप ८,०००. हा हिशेब बसूच शकत नाही, त्यामुळे वाचल्या वाचल्या चूक सापडते. पण वाचलंच नाही, तर त्या ताईच्या नावावर ५,४०० रुपये जास्त थकीत दिसत राहतील. तिने पैसे भरले, अकरा जणींसमोर भरले, तरी कागदोपत्री ती थकबाकीदार. पुढे तिला कर्ज नाकारलं जाईल, गटाच्या नोंदीवरही त्याचा परिणाम होईल. ही चूक तिची नाही, पण त्रास तिलाच. म्हणून आकडे मोठ्याने वाचायचे. जिला लिहिता-वाचता येत नाही, तिलाही आपला आकडा ऐकून ओळखता येतो. किती भरले हे ती विसरत नाही.

६. रजिस्टर आणि सदस्याचं पासबुक चालू ठेवा. "आता सगळं ऑनलाइन आहे, वही कशाला?" असं कोणी म्हणालं तर त्यांना विमानतळाची गोष्ट सांगा. रजिस्टरवर अध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष यांच्या सह्या असतात. अ‍ॅपमधला आकडा आणि सहीचा आकडा वेगळा निघाला, तर सहीचा आकडा धरून चौकशी करता येते. वहीच नसेल तर चौकशी कशाच्या आधारावर करणार?

७. दोघी जणी शिका. एकच ताई सगळं जाणते आणि तीच बाळंतपणाला माहेरी गेली, किंवा तिने काम सोडलं, तर गाव अडतं. प्रत्येक ग्रामसंघात दुसरी एक जण तयार ठेवा. काम बदलताना यादी, फोन, सिमकार्ड, रजिस्टर यांचा ताबा लिहून द्या-घ्या आणि दोघींच्या सह्या करा. पासवर्ड त्याच दिवशी बदला. यात कुणावर अविश्वास नाही. चावी देताना आपण मोजून देतो, तसंच हे.

८. अडचण लिहून कळवा. "अ‍ॅप चालत नाही" एवढ्यावर कुणालाच मदत करता येत नाही. तारीख, गावाचं नाव, गटाचं नाव, कोणत्या पानावर अडलं, स्क्रीनवर काय लिहून आलं आणि अ‍ॅपचा व्हर्जन नंबर, एवढं लिहून फोटोसह पाठवा. फोटोत कुणाचा आधार नंबर किंवा खाते नंबर दिसत असेल तर तो झाका. पाच गावांतून एकच अडचण लिहून आली, तर वरच्या ऑफिसालाही ती टाळता येत नाही.

बदल सांगताना काय सांगायचं?

बैठकीत दोन वाक्यं पुरतात. काय बदललं आणि काय बदललं नाही. दुसरं वाक्य विसरू नका. भीती जाते ती दुसऱ्या वाक्याने.

लाडकी बहीण योजनेचंच घ्या. २०२४ मध्ये सुरुवातीला अर्ज नारीशक्ती दूत अ‍ॅपवर भरले गेले, नंतर वेबसाइटवर. सप्टेंबर २०२५ पासून ई-केवायसी आली. काय बदललं? माहिती पडताळण्याची जागा आणि पद्धत. काय बदललं नाही? खातं आपलंच, आणि ओटीपी आधारला जोडलेल्या मोबाईलवरच येतो. मग आधारला कोणता नंबर जोडला आहे, हे प्रत्येक सदस्याला माहीत पाहिजे. अनेक घरांत तो नंबर मुलाचा असतो आणि मुलगा पुण्याला कामाला असतो. नवीन योजना येईपर्यंत थांबू नका. आत्ताच विचारून घ्या, आणि बदलायचा असेल तर आधार केंद्रात जाऊन आपला नंबर जोडून घ्या.

वावरातही तेच. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी अ‍ॅपवर सुरू झाली, पुढे तिच्याही नव्या आवृत्त्या आल्या. २०२५ च्या हंगामात हमीभावाने कापूस विकण्यासाठी भारतीय कापूस महामंडळाने, म्हणजे सीसीआयने, कपास किसान अ‍ॅपवर नोंदणी ठेवली. हिंगणघाट, देवळी, आर्वी, सेलूच्या बायकांनी वेचलेला कापूस हमीभावाने जाणार की व्यापाऱ्याला स्वस्तात जाणार, हे आता एका नोंदणीच्या तारखेवरही अवलंबून असतं. सातबारा बाईच्या नावावर असेल तर नोंदणी तिच्या नावाने व्हायला हवी आणि ती झाली का, हे तिने स्वतः पाहायला हवं. कृषी सखींनी हंगामाच्या आधीच्या बैठकीत हा विषय आठवणीने घ्यावा.

फोनवरून पैसे पाठवण्यातही बदल झाला. यूपीआयमध्ये एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला पैसे मागण्याची जी रिक्वेस्ट पाठवता यायची, ती १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली, कारण तिच्यातून फसवणूक होत होती. काय बदललं नाही? पैसे घ्यायला पिन लागत नाही. पिन टाकला की आपले पैसे जातात, हे कालही खरं होतं आणि आजही आहे.

खोटं अपडेट कसं ओळखायचं?

बदल सारखे होतात, हे चोरांनाही माहीत आहे. म्हणून ते अपडेटच्याच नावाने येतात. "तुमचं खातं बंद होणार, हे अ‍ॅप टाका", "योजनेचा हप्ता अडला, ही फाइल उघडा", "गाडीचा दंड भरा", असे निरोप व्हॉट्सअ‍ॅपवर येतात आणि सोबत एपीके नावाची फाइल असते. ती उघडली की फोनमधले मेसेज चोराला दिसू शकतात, ओटीपीसकट.

नियम साधा ठेवा. अ‍ॅप आणि अपडेट घ्यायचं ते फोनमधल्या प्ले स्टोअरवरूनच. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली फाइल ओळखीच्या ताईकडून आली असली तरी उघडायची नाही, कारण तिचाच फोन चोराच्या हातात गेलेला असू शकतो. ऑफिसातून खरंच काही पाठवलं असेल, तर ऑफिसला फोन करून आवाज ऐकून खात्री करायची.

बँकेच्या बाबतीत आता एक खूण मिळाली आहे. रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपल्या वेबसाइटचा पत्ता 'डॉट बँक डॉट इन' असा शेवट असलेला करायला सांगितला होता. पत्त्याचा शेवट वेगळाच दिसला, तर थांबा आणि शाखेत विचारा.

आणि पैसे गेलेच, तर लाजू नका, लपवू नका. लगेच १९३० या नंबरवर फोन करा आणि बँकेलाही कळवा. जितकं लवकर कळवाल, तितकी पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त. घरचे रागावतील म्हणून दोन दिवस गप्प राहिलेल्या बाईचं नुकसान जास्त होतं. गटाने अशा वेळी तिच्या बाजूने उभं राहायचं, चौकशी करत बसायचं नाही.

पुढच्या बैठकीत एवढं करा

इतिवृत्तात तीन ठराव लिहा. एक, आपल्या ग्रामसंघाची अ‍ॅपची यादी कोण करणार आणि कोणत्या तारखेपर्यंत. दोन, अ‍ॅप सांभाळणारी दुसरी ताई कोण. तीन, बैठक संपण्याआधी पाच आकडे मोठ्याने कोण वाचणार.

तिसऱ्या कामासाठी दर वेळी वेगळी सदस्य घ्या. जिला वाचता येत नाही, तिच्या शेजारी वाचणारी बसवा आणि आकडा तिच्या तोंडून वदवा. सुरुवातीला पाच मिनिटं जास्त लागतील, "घरी स्वयंपाक राहिला" असंही कोणी म्हणेल. तरी सोडू नका. दोन-तीन बैठकांनंतर तुमच्या लक्षात येईल, की अ‍ॅपमध्ये काय लिहिलं आहे हे एकट्या सीआरपी ताईला नाही, अकरा जणींना माहीत आहे. मग अ‍ॅपचा रंग बदलो, नाव बदलो, नाही तर पूर्ण अ‍ॅपच नवं येवो, आपली शिल्लक किती हे आपल्याला कोणी दुसऱ्याने सांगायची गरज राहणार नाही.

यादीचे रकाने आखताना अडचण आली, तर प्रभागसंघाच्या बैठकीला वही घेऊन या. सोबत बसून आखू.

तुमची,
क्षेत्र समन्वयक